दुसरी भरती

भाऊबीजेला संध्याकाळी आम्ही सगळे पार्ल्याला धाकट्या बहिणीकडे जमलो होतो. ओवाळून झालं, फराळाच्या बशा फिरल्या, बाहेरच्या खोलीत मॅच लागली आणि मी जरा पाय पसरावेत म्हणून आत गेले. भाची पलंगावर मांडी घालून लॅपटॉप उघडून बसली होती. शेजारी चकलीचा डबा, झाकण कुठेतरी पांघरुणात. ती यंदा बारावीला आहे आणि अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांना, म्हणजे सगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकवणाऱ्या कॉलेजांना, अर्ज करते आहे, एवढं मला माहीत होतं. ‘बघ ना मावशी’ म्हणत तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि विषयांच्या याद्या वाचून दाखवायला लागली. खगोलशास्त्र, मग लगेच नृत्य, मग मातीचं रसायन, जपानचा इतिहास, संख्याशास्त्र, नाटकाची प्रकाशयोजना. चकली खात खात ती वाचत होती आणि मला ते ऐकायला आवडत होतं, एखादं नामस्मरण ऐकावं तसं. मध्येच ती थांबली आणि अगदी सहज म्हणाली, “तुला मिळालं असतं तर तू काय घेतलं असतंस?”

मी म्हटलं, “मला काय गं, काहीही चाललं असतं.”

“काहीही असा कोर्स नसतो. एक सांग.”

तेवढ्यात बहिणीने कॉफीसाठी हाक मारली आणि मी उठले. पार्ल्याहून गोरेगाव म्हणजे चार स्टेशनं. पण गाडीत बसल्यापासून ते वाक्य डोक्यात घोळायला लागलं. घरी येऊन कंदील बंद केला, अंथरूण घातलं, तरी ते तिथेच. त्रेपन्न वर्षांच्या बाईला कुणीतरी विचारलं होतं की तुला काय शिकायला आवडलं असतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईट वाटलं ते उत्तर नसण्याचं नाही. हा प्रश्न आपल्याला याआधी कुणीच विचारला नव्हता, आपणही स्वतःला विचारला नव्हता, याचं वाटलं. उद्या भाजी काय, मुलाची फी कधी, कर्जाचा हप्ता किती, असल्या प्रश्नांची उत्तरं माझ्या जिभेवर असतात.

माझं कामच प्रश्न विचारण्याचं आहे. फोर्टमधल्या आमच्या शाखेत गेली नऊ वर्षं मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसते. समोर मुलगा किंवा मुलगी, शेजारी वडील, त्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. कोर्सचं नाव काय, कॉलेज कुठलं, किती वर्षांचा, पुढे किती पगार अपेक्षित आहे. साडेसात लाखांच्या वर गेलं की बहुतेकदा तारण लागतं, मग घराचे कागद निघतात. वडिलांचे हात ती फाइल देताना किंचित आखडतात, ते मी रोज बघते. दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, असल्याच एका कॉलेजात निघालेली. कोर्सच्या रकान्यात काय टाकायचं म्हणून मी यादी उघडली. इंजिनियरिंग होतं, मेडिकल, मॅनेजमेंट, नर्सिंग, हॉटेल. तिचं काही त्यात बसेना. तिला विचारलं तर म्हणाली, “पहिली दोन वर्षं मी ठरवणारच नाहीये, तेव्हाच तर सगळं बघायचंय.” मी ‘इतर’ वर टिक केलं आणि फाइल पुढे पाठवली. तिच्या आईकडे बघून मी मान हलवली होती, हे मला भाऊबीजेच्या रात्री आठवलं आणि लाज वाटली.

पुढचे चार दिवस भाची मला एकेका कॉलेजाची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत राहिली, बहुधा माझं उत्तर निघावं म्हणून. मी ती गाडीत वाचायची. ओहायोतलं ओबर्लिन 1833 चं आहे, म्हणजे आपल्या विल्सन कॉलेजाच्या मागून एका वर्षाने आलेलं. तिथे 1837 पासून मुली मुलांच्या बरोबरीने पदवीसाठी शिकतायत. तिथे एक्सपेरिमेंटल कॉलेज म्हणून एक प्रकार आहे, त्यात विद्यार्थीच कोर्स घेतात. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं, आणि शिकणाऱ्यांना त्याचं थोडं क्रेडिटही मिळतं. कोलोरॅडो कॉलेजात 1970 पासून एका वेळी एकच विषय. साडेतीन आठवडे तोच, दुसरं काही नाही, मग पुढचा. आयोवातल्या ग्रिनेलमध्ये 1,700 च्या आसपास मुलं, आणि पहिल्या सत्रातला एक छोटा वर्ग सोडला तर सक्तीचं काहीच नाही. आणि याच्या अगदी उलट, मेरीलंडचं सेंट जॉन्स. तिथे निवडच नाही. सगळ्यांनी तीच पुस्तकं वाचायची, चारही वर्षं. गणितसुद्धा युक्लिडपासून सुरू, वर प्राचीन ग्रीक भाषा. भाचीने त्याखाली लिहिलं होतं, ‘हे पण लिबरल आर्ट्सच, गंमत आहे ना.’ मला त्यात गंमत वाटली नाही, समाधान वाटलं. दिसायला दोन टोकं, पण दोन्हीकडे विचार एकच दिसतो. आकाश, आकडे, कविता आणि देव यांचा प्रश्न एकाच डोक्यात राहू द्यायचा, त्याच्या फोडी करायच्या नाहीत. युरोपात पूर्वी ज्या सात विद्यांना लिबरल आर्ट्स म्हणत त्यांतही व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व एकीकडे आणि अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल दुसरीकडे. संगीताच्या शेजारी खगोल बसलेला. आपल्याकडे संगीताचा क्लास आणि खगोल यांच्यात किती भिंती आहेत, ते ज्याने कॉलेजचं टाइमटेबल बघितलंय त्याला सांगायला नको.

टाइमटेबल. तो शब्द वाचला आणि 1989 चा जून समोर उभा राहिला.

बारावीला बरे मार्क होते. कॉमर्सला जा असं घरचे सांगत होते, मी हट्टाने आर्ट्सला गेले. दादर-माटुंग्याच्या बाजूचं कॉलेज. नाव नको, ते कॉलेज वाईट नव्हतं. पावसाने जिना ओला, छत्र्यांचं पाणी पायऱ्यांवरून ओघळतंय, रांग खालच्या मजल्यापर्यंत. एफवायला इंग्रजी, दुसरी भाषा, फाउंडेशन कोर्स आणि तीन ऐच्छिक विषय. मी फॉर्मवर मराठी साहित्य, तर्कशास्त्र आणि भूगोल लिहिलं होतं. खिडकीपाशी पोचायला पावणेदोन तास लागले. आतल्या गृहस्थांनी फॉर्म बघितला, जाड काचेखालच्या कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाले, “तर्क आणि भूगोल एकाच वेळेला आहेत. एक सोडा.” मी विचारलं, “दोन्ही घेता येणारच नाहीत का?” ते म्हणाले, “ग्रुपमध्ये बसत नाही, बाळ. मागे लाइन आहे.” चिडून नाही म्हणाले. मागे खरंच लाइन होती. मी भूगोल खोडला. त्याच्या जागी काय बसतं म्हणून विचारलं तर अर्थशास्त्र बसत होतं. निळ्या शाईची एक रेघ मारली, वर ‘इको’ लिहिलं, पावती घेतली. एफवायचे तीन विषय एसवायला दोन झाले, टीवायला सहाच्या सहा पेपर अर्थशास्त्राचे, मग बँकेची परीक्षा, मग नोकरी. त्या रेघेने माझं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे घर चाललं, वडिलांच्या आजारपणात पैसे होते. पण ती रेघ मी विचार करून मारली नव्हती. खिडकीत हात घालून मारली होती.

भूगोलाच्या वर्गात मी एकदा बसले. ऑगस्टमध्ये अर्थशास्त्राचे सर रजेवर होते, तास मोकळा होता, मैत्रीण म्हणाली चल. वरच्या मजल्यावरची खोली, भिंतीवर कापडी नकाशे, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. बाई ठेंगण्या, पांढरी सुती साडी, हातावर खडूची भुकटी. त्या दिवशी विषय होता भरती-ओहोटी. त्यांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, ती पृथ्वी. उजवीकडे लहान वर्तुळ, तो चंद्र. मग निळ्या खडूने पृथ्वीभोवती पाणी काढलं आणि चंद्राच्या बाजूला ते फुगवलं. “चंद्र पाणी ओढतो,” त्या म्हणाल्या, “हे तुम्ही शाळेत शिकलात. मग सांगा, पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरते, तर भरती दिवसातून एकदाच यायला हवी. दोनदा का येते?” वर्ग गप्प. बाईंनी निळा खडू परत उचलला आणि चंद्राच्या विरुद्ध बाजूला, डावीकडे, तेवढाच फुगवटा काढला. “पाणी इथेही फुगतं. चंद्रापासून सगळ्यात लांब. इथे त्याला कोण ओढतंय?”

आणि घंटा झाली.

“उद्या,” बाई म्हणाल्या. उद्या माझा अर्थशास्त्राचा तास होता. सर रजेवरून आले होते आणि हजेरीचं ते मनावर घेत. डिफॉल्टरची यादी नोटिसबोर्डवर लागायची आणि ती माझ्या घरी कळायची वाट बघत असल्यासारखी शेजारची मुलगी त्याच कॉलेजात होती. मी गेले नाही. बाईंना जिन्यात गाठून विचारता आलं असतं. पण त्या काळी आपल्या विषयाच्या नसलेल्या बाईंना काही विचारायचं म्हणजे परक्याच्या घरी जाऊन पाणी मागण्यासारखं वाटायचं. वर्षाअखेरीस कळलं की भूगोलाला पुढच्या वर्गात पाचच मुली उरल्या, म्हणून तो पेपर बंद केला. बाई कुठे गेल्या, ठाऊक नाही.

मला भूगोलच का हवा होता, तेही आता आठवलं. आजोळ अलिबागचं. समुद्रातला कुलाब्याचा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, पण परत यायची वेळ चुकली की पाणी कमरेला लागतं. म्हणून आम्हा पोरांना सोडायच्या आधी आजोबा पंचांग बघायचे. घड्याळ नाही, भरतीचं कोष्टक नाही, फक्त तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ केलेली. ते ओट्यावर बसून म्हणायचे, “चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार. आज षष्ठी. साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमाराला ओहोटी. अकराच्या आत परत फिरा.” शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला पाणी चढतं आणि तेव्हा उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. भरतीला भरती आणि ओहोटीला सुकती. हे सगळे शब्द मी सातव्या वर्षी वापरत होते. आणि अठराव्या वर्षी मला वाटलं होतं, भूगोल घेतला की हे कळेल. पंचांग, चंद्र, पाणी आणि आजोबांची पाऊणकी, हे सगळं एकाच वहीत येईल.

तशी वही कुठल्याच विभागात नसते, हे कळायला मला बराच वेळ लागला. चंद्राचं ओढणं भौतिकशास्त्रात, किनारा भूगोलात, तिथी संस्कृत किंवा ज्योतिषात, भांग आणि सुकती हे शब्द भाषेच्या माणसाकडे, कोळ्यांचं जगणं समाजशास्त्रात. पाऊणकी तर कुठेच नाही. आणि खुद्द समुद्राला हे वाटप माहीत नाही.

या शहराला ते एके काळी थोडंफार माहीत होतं. आपल्या विद्यापीठात 1919 मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा तो चालवायला आले पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्राचे. झाडं बघता बघता ते शहरं बघायला लागले, नगररचनेचे आराखडे काढायला लागले आणि इथे येऊन माणसांचा अभ्यास शिकवायला लागले. त्यांच्या मागून आलेले घुर्ये मूळचे संस्कृतचे. आणि दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डहून 1929 मध्ये पदवी घेऊन आलेले गणिती. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये यायचे. जुनी नाणी तराजूत एकेक करून तोलायचे, कारण हाताळून हाताळून नाणं झिजतं, आणि किती झिजलं त्यावरून ते किती काळ चलनात होतं हे संख्याशास्त्राने काढता येतं. वजनातला तो फरक गुंजेच्या अंशात मोजण्याइतका. कोसंबींनी भर्तृहरीची सुभाषितंही संपादित केली. त्यांना कुणी खिडकीत सांगितलं असतं की नाणी आणि गणित ग्रुपमध्ये बसत नाही, तर? मी हे वाचते तेव्हा मला कोसंबींच्या बुद्धीचं आश्चर्य वाटतंच, पण जास्त करून हेवा वाटतो त्या मोकळ्या वाटेचा.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आलंय. कॉमर्सच्या मुलाने आर्ट्सचा एखादा विषय घ्यायचा, आर्ट्सच्या मुलीने सायन्सचा. मला मनापासून बरं वाटलं होतं. शाखेतल्या सहकारी बाईंचा मुलगा उपनगरातल्या एका कॉलेजात कॉमर्सला आहे. त्याला खगोलशास्त्राची ओळख करून देणारा पेपर हवा होता. रात्री दहाला फॉर्मची लिंक येणार होती. तो पावणेदहापासून मोबाइल हातात धरून बसला, आई शेजारी दुसरा मोबाइल घेऊन. लिंक आली, नाव, रोल नंबर, डिव्हिजन भरेपर्यंत साठ जागा संपल्या. त्याला गुंतवणुकीवरचा पेपर मिळाला, जो त्याच्या मुख्य अभ्यासात तसाही आहे. बाई मला डबा खाताना सांगत होत्या, “जाऊ दे, दोन क्रेडिटचाच तर आहे.” पण त्यांनी घरातल्या गच्चीवर दुर्बीण ठेवायला जागा करून दिली होती, हे त्याच बोलण्यात पुढे आलं. यादीत विषय असणं आणि त्या विषयाचा वर्ग, त्याचा शिक्षक, त्याची खोली आणि टाइमटेबलमधला त्याचा तास असणं, यांत फार अंतर असतं. कलिन्याला विद्यापीठाच्या एकाच आवारात पाली आहे, भाषाशास्त्र आहे, जर्मन आहे, रशियन आहे, लोककला अकादमी आहे. बँकेच्या कामाला मी एकदा तिकडे गेले होते, तर एका बाजूने ढोलकीचा आवाज येत होता आणि दुसऱ्या बाजूने दोन मुलं तावातावाने रशियन बोलत चालली होती. मुंबईत वैविध्याची वानवा कधीच नव्हती. एका बाजूच्या मुलाला दुसऱ्या बाजूच्या वर्गात जाऊन बसता येणं, ते नव्हतं.

दिवाळी संपून आठवडा झाला असेल, बहिणीचा फोन आला. “ताई, तू कर्जाच्या टेबलावर आहेस, तूच सांग तिला. तिकडे वर्षाला राहण्या-जेवणासकट 80 हजार डॉलरच्या वर जातं. मदत मिळाली तर मिळाली. आणि चार वर्षांनी कुणी विचारलं काय झालीस, तर काय सांगणार?” बहिणीचा आवाज घट्ट झाला होता. तिचं चुकत नाही. मी रोज जे आकडे बघते ते तिच्यापेक्षा जास्त बघते. माझ्या टेबलावर असेही लोक येतात ज्यांचा कोर्स संपला, वर एक वर्षाची सवलत संपली आणि हप्ता सुरू झाला, पण नोकरी नाही. त्यांच्याकडे बघून मी कुठल्या तोंडाने म्हणू की नृत्य शिक, खगोल शिक? मी बहिणीला म्हटलं, मदत पुरेशी मिळाली नाही तर पाठवू नका, घर तारण ठेवू नका. हे मी मावशी म्हणून म्हटलं की अधिकारी म्हणून, मला सांगता येणार नाही. फोन ठेवल्यावर मात्र राहवलं नाही. परत लावला आणि म्हटलं, “पण तिला अर्ज करू दे. आणि इथे राहिली तर विषय निवडताना मी तिच्याबरोबर खिडकीपाशी जाईन.” आता खिडकी नसते, लिंक असते, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वांद्र्याहून माहीमकडे निघाली. बायकांच्या डब्यात दाराजवळची माझी ठरलेली जागा. तीस वर्षं मी माहीमची खाडी ओलांडते आहे. कधी काळा चिखल, त्यात रुतलेल्या पिशव्या आणि एका पायावर बगळा, आणि तो वास, जो आला की डुलक्या काढणाऱ्या बायकांना न बघताही कळतं की माहीम आलं. कधी तीच खाडी काठोकाठ, वरून आभाळ पडलेलं, वास नाहीसा. त्या दिवशी ती काठोकाठ होती. मी सवयीने तिथी मोजली. आणि माझ्या मनात सरळ आलं, हीच ती. हाच माझा कोर्स. मी तिथल्या तिथे भाचीला लिहिलं, ‘मी भरती-ओहोटी घेतलं असतं. आणि मला दुसरी भरती कुणीतरी पूर्ण शिकवायला हवी होती.’

तिने लगेच फोन केला. मी तिला फळा, निळा खडू आणि घंटा सगळं सांगितलं. ती हसली नाही. रविवारी आली ती वही घेऊनच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने एका रेषेत तीन ठिपके काढले. “मावशी, या तीन बायका. हिला चंद्र सगळ्यात जवळ, हिला मध्यम, हिला लांब. तिघींना चंद्र ओढतोय. जवळचीला जास्त, मधलीला कमी, लांबचीला सगळ्यात कमी. आता तिघी चालायला लागल्या. मधली काय बघेल?” मी म्हटलं, “पुढची पुढे गेली.” “आणि मागची?” मी गप्प बसले. मग म्हटलं, “मागची मागे राहिली.” ती म्हणाली, “मधली म्हणजे पृथ्वी. तिच्या दृष्टीने पाणी दोन्हीकडे लांब गेलं. मागच्या पाण्याला कुणी ओढत नाहीये. पृथ्वीच त्याच्यापासून निघून चाललीये.” कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि परत येऊन ते तीन ठिपके बघत बसले. पस्तीस वर्षं झाली होती. बाईंचा डावीकडचा निळा फुगवटा माझ्या डोळ्यांसमोर इतका स्वच्छ होता की त्यावरचे खडूचे ओरखडे दिसत होते.

मग मी तिला पाऊणकी शिकवली. तिला हा हिशोब माहीत नव्हता आणि तो खरा कसा निघतो हे तिने तिथेच बसून मांडलं. पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस. “आजोबांचं तीनच मिनिटांनी चुकतं गं!” ती ओरडली. “दर तिथीला तीन मिनिटं. तोंडी हिशोबाला काय पाहिजे अजून?” तिनेच मग शोधून काढलं की अपोलो बंदराला समुद्राच्या पातळीची नोंद 1878 पासून होते आहे, म्हणजे ज्या वर्षी विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुरा झाला त्याच वर्षापासून. दोन्हींमध्ये चालत जाण्याइतकं अंतर. ते वर्ष तिने वहीत चौकट करून लिहिलं.

कार्तिक वद्य षष्ठीला तिचा क्लास नव्हता. मी अर्धी रजा टाकली. पार्ल्याहून रिक्षाने जुहूला गेलो, चार वाजले होते. भेळवाल्यांच्या गाड्या नुकत्या लागत होत्या, ओल्या वाळूवर दिवाळीतल्या झेंडूच्या सुकल्या माळा. पाणी चढत होतं. तिने एक करवंटी शोधली, लाट जिथे संपत होती तिथे वाळूत रोवली आणि मोबाइलवर वेळ टिपली. करवंटी बुडाली. तिने दोन पावलं वर नेऊन परत रोवली. परत बुडाली. मग हात-दोन हातच वर. षष्ठी म्हणजे भांगाच्या जवळचं पाणी, उधाण नव्हतंच, ते सावकाश, न बोलता चढत होतं. साडेचारला आजोबांची वेळ झाली तरी पाणी अजून येत होतं. पावणेपाच. मग एक लाट करवंटीला टेकली आणि मागे गेली. पुढची अलीकडेच थांबली. त्याच्या पुढचीही.

“चार बावन्न,” ती म्हणाली आणि लिहिलं.

मी वर बघितलं. सूर्य पश्चिमेला कलला होता, बाकी आभाळ रिकामं. चंद्र कुठेच नव्हता. वद्य षष्ठीचा चंद्र रात्री बराच उशिरा उगवतो. एवढं पाणी समोर भरून उभं होतं आणि ओढणारा आभाळात नव्हता.

“आत्ता कुठे असेल गं तो?” मी विचारलं.

तिने वही बगलेत धरली, जरा विचार केला आणि बोट खाली, वाळूकडे दाखवलं. “इथे. थोडा तिरका.”

मी चपला काढल्या.